तुझा हात टोपीकडे गेला तेव्हा

अकोल्याच्या जिनिंगमध्ये बऱ्हाणपूरच्या बाई गात होत्या आणि मी मधेच उठलो. उठायचं नव्हतं. उठलो.

महादेवा, एवढंच वाक्य मला परवा तुझ्या शोकसभेत बोलायचं होतं. ते राहून गेलं. कसं राहिलं ते शेवटी सांगतो. तुला आता घाई नाही, आणि मधेच उठून जायची सोयही नाही. जन्मात पहिल्यांदा तुला एखादी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यावी लागणार आहे, तेव्हा घे ऐकून.

आधी शोकसभेचं. तू आला नाहीस ते बरं केलंस. संगीत मंडळाच्या हॉलमध्ये स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर तुझा फोटो, फोटोत तू आणि तुझी ती काळी टोपी. अध्यक्ष वकीलसाहेब. हेच ते वकीलसाहेब, ज्यांच्या मुलीची सतार ऐकून तू भर सभेत विचारलं होतंस, "खाटेची नवार ताणून राहिली काय पोरगी?" परवा ते म्हणाले, "महादेवरावांचा आमच्या कन्येच्या डोक्यावर हात होता." मी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारचा मान डोलवत होता. मग एक मास्तर उठले, त्यांनी तुला नादब्रह्माचा उपासक करून टाकलं. मग तेलघाणीवाले शेठ उठले. त्यांनी तुला स्वर्गात गंधर्वांच्या पंगतीला नेऊन बसवलं. मला गंधर्वांची कीव आली. बिचारे गात असतील आणि तू मधेच जोडे शोधायला लागशील.

या लोकांचं एक बरं असतं. माणूस मेला की त्यांना तो आवडायला लागतो. जिवंतपणी तुझ्या शेजारी बसायला एक जण तयार नसे, आणि परवा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाला तुझ्याबरोबर ऐकलेली एक बैठक आठवत होती. तू ज्यांच्याकडे पाठ करून बसायचास, त्यांना तुझा चेहरा आठवत होता!

आणि तू तरी कोण होतास रे? परवाची भाषणं ऐकून एखाद्या परक्याला वाटलं असतं, हा कोणी मोठा गवई गेला. तुला साधी आरती सुरात म्हणता येत नव्हती. गणपतीत तुझी बायको, आमच्या सुभद्रावहिनी, तुला मुद्दाम प्रसाद वाटायच्या कामाला लावायच्या. तुझा धंदा कापसाची प्रत ठरवण्याचा. हंगामात कधी अमरावती, कधी धामणगाव, कधी अकोला. कास्तकाराच्या बैलबंडीतून मूठभर कापूस उचलायचा, सरकी सोडवायची, उरलेली रुई दोन्ही चिमटींत धरून हलकेच ओढायची, धागा किती लांब निघतो ते बघायचं, आणि कास्तकाराच्या तोंडाकडे न बघता एक शब्द टाकायचा. तुझा एक शब्द पडला की त्या माणसाची दिवाळी तरी व्हायची नाहीतर तोंड तरी उतरायचं. तू तोवर पुढच्या बंडीशी.

गाण्यातही तू तेच केलंस. एक गवई? "आखूड धागा." दुसऱ्याची तान? "पाणी मारलेला कापूस आहे. वजन दिसते, वाळला का गेला." अमरावतीला एक फार मोठ्या नावाचे उस्ताद आले होते. लोक त्यांच्या पायावर डोकी ठेवत होते, आणि तू माझ्या कानात म्हणालास, "सरकीच सरकी आहे लेका. रुई कुठं आहे?" तुला रागातलं काय कळत होतं हे मला आजही सांगता येणार नाही. सकाळची तोडी आणि दुपारची मुलतानी यांच्यात तू घड्याळ पाहून फरक करत होतास असा माझा दाट संशय आहे. पण तो संशय बोलून दाखवायची हिंमत अमरावतीत कोणाची नव्हती, कारण प्रत्येकाला स्वतःबद्दल तोच संशय होता.

माझं तर सांगायलाच नको. आमचं घर फुलांचं. भातकुलीच्या वाटेवर आमचा शेवंती-झेंडूचा मळा. देवळांना, लग्नांना आणि बैठकींना हार आमच्याकडून जात. बाकीचे लोक कानानं गाण्यात शिरले, मी टोपली घेऊन शिरलो. पहिल्याच बैठकीत मला कोणीतरी म्हणालं, जा, बुवांच्या गळ्यात हार घाल. मी गेलो आणि सारंगीवाल्याच्या गळ्यात घातला. त्याचा फेटा मोठा होता. हॉलमध्ये हशा पिकला, बुवांचं तोंड कडू झालं, मला धरणी पोटात घेईना. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "बरोब्बर घातला. इतका वेळ गाऊन तोच राह्यला होता."

त्या दिवसापासून मी तुझा. तुझ्यासारख्या खवचट माणसाला माझ्यासारखा येडपट मित्र लागतोच. तू नाक मुरडायचंस आणि मी तुझे जोडे सांभाळायचे, ही आपल्या मैत्रीची वाटणी. आणि ही वाटणी मी थट्टेनं सांगत नाही. खरोखरच तशी होती.

त्याचं असं की गाणं नाही आवडलं तर तू उठून जायचास. पण मोठा माणूस आधी उठत नाही. तशी वऱ्हाडात रीतच आहे. आधी त्याचा माणूस उठतो, जोडे शोधतो, वाट करतो, मग तो उठतो. म्हणून आपलं ठरलं होतं. तू टोपीला हात लावलास की मी उठायचं. मी जोडे हुडकेपर्यंत तू सावकाश उठायचंस, गाणाऱ्याला वाकून नमस्कार करायचास, जसं काही घरी कोणी आजारी आहे, आणि बाहेर पडायचंस. तुझ्या मागून वकीलसाहेब उठत. वकीलसाहेब उठले की मास्तर उठत. मग आमच्या अमरावतीचं कोण बसून राहणार? आपल्याला गाण्यातलं कळत नाही असं कोणाला वाटून घ्यायचं असतं? महादेवा, पुढं पुढं लोक गवयाकडे बघतच नव्हते. तुझ्या टोपीकडे बघत होते. गवई तबल्याच्या समेवर येतोय की नाही यापेक्षा तुझा उजवा हात मांडीवर आहे की नाही याची त्यांना जास्त काळजी. धामणगावच्या एका शेठनं तर आपल्याला मुद्दाम बैठकीच्या मधोमध कोंबलं होतं, चारी बाजूंनी पाहुणे, म्हणजे उठताच येऊ नये. आपण लोकांच्या गुडघ्यांवरून गेलो. माझा पाय एका पानदानात पडला आणि घरी येईपर्यंत मी लाल पाऊल उमटवत आलो. तुला त्याचा केवढा आनंद झाला होता! "लक्ष्मी आली लेका," म्हणत होतास.

आता अकोला.

हिवाळ्याचे दिवस. तिथल्या एका शेठनं आपल्या जिनिंगमध्ये सरकी काढायची नवी यंत्रं बसवली होती, आणि त्या आनंदात सकाळची बैठक ठेवली होती. गाणं कुठं ठेवावं याची अक्कल शेठला असती तर तो शेठ झाला नसता. पत्र्याची ती मोठी शेड. आदल्या दिवशीपर्यंत तिथं कापूस होता. झाडून घेतली होती म्हणे, पण रुई ती, झाडून का जाते? कोणी सतरंजीवर बसलं की उडायची, कोणी उठलं की उडायची. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात ती नुसती तरंगत होती. तंबोऱ्याच्या तारांवर बसत होती, तबल्याच्या शाईवर बसत होती, शेठच्या मिशांवर बसत होती. बऱ्हाणपूरच्या बाई आल्या, बसल्या, आणि सगळ्यात आधी खोकल्या.

तोडी सुरू झाली. सुरू झाली म्हणजे काय, बाई दोन सूर लावत, घसा खाकरत, पदरानं तोंड पुसत, पुन्हा लावत. मला शपथेवर विचारलंस तर मी ऐकत नव्हतो. शेडच्या मागं कढई चढली होती. जिलबीचा वास येत होता. ही बैठक लवकर मोडली तर जिलबी गरम मिळेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मांडीवर हाराची टोपली, नजर तुझ्या हातावर.

आणि तुझा हात टोपीकडे गेला.

मी उठलो. इतक्या तत्परतेनं मी आमच्या बापाच्या हाकेलाही कधी उठलो नसेन. जोडे हुडकले, टोपली काखेत मारली, वाट केली. माझ्या मागं वकीलसाहेब उठले, मास्तर उठले, अमरावतीची सगळी मंडळी उठली, सतरंज्यांवरची रुई ढगासारखी वर आली. मी वळून पाहिलं. तू बसलेला होतास. तुझा हात टोपीलाच होता, आणि तू माझ्याकडे असं बघत होतास, जसा एखादा माणूस आपली बंडी आपल्याशिवाय उताराला लागलेली बघतो.

मग तू उठलास. नमस्कार केलास. बाहेर आलास.

बाहेर कापसाच्या बंड्या लागल्या होत्या, बैल सोडलेले होते. अमरावतीची मंडळी कढईकडे गेली. तू मला शेडच्या कडेला, रुईच्या गाठींच्या आड ओढलंस.

"काहून उठला बे?"

"तू टोपीले हात लावला ना."

"लावला. मंग?"

"मंग उठलो."

"अबे, टोपी काढाले हात नेला होता म्या! काढाले!"

"काढाले? तू कवा काढली आजपावतर कोणापुढं?"

"आज काढून राह्यलो होतो, गधड्या! तुले ऐकू नाई आलं काय लागून राह्यलं होतं ते?"

आणि त्याच वेळी पत्र्याच्या पलीकडे बाईंचा घसा मोकळा झाला.

मला गाण्याचं वर्णन करता येत नाही, आणि ज्यांना येतं ते परवा स्टेजवर बसले होते, म्हणून मी करत नाही. एवढंच सांगतो. तू बोलता बोलता थांबलास, तोंड तसंच उघडं. पत्र्याला कान लावलास. पत्रा उन्हानं तापलेला होता. तू कान काढला नाहीस. मी म्हणालो, "चाल ना, आत जाऊ." तू म्हणालास, "कोणत्या तोंडानं?" आणि हातानंच मला गप्प केलंस. मग मीही पत्र्याला कान लावला. दोन माणसं भर सकाळी जिनिंगच्या भिंतीला पालीसारखी चिकटलेली. येणारेजाणारे गाडीवान बघून जात होते. एकानं विचारलंही, "काय ऐकून राह्यले जी? अंदर साप हाये काय?"

किती वेळ गेला माहीत नाही. बाईंनी भैरवी संपवली, आत लोकांचा आवाज उठला, तेव्हा मी खाली बघितलं. माझ्या काखेतून टोपली कधी पडली मला कळलं नव्हतं. शेजारच्या बंडीचा एक बैल मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या तोंडातून शेवंतीच्या हाराचा शेवटचा गोंडा लोंबत होता. बाईंचा हार. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो माझ्याकडे बघत चावत राहिला. त्याला मात्र पूर्ण बैठक ऐकायला मिळाली होती.

बाई टांग्यात बसायला आल्या तेव्हा आपल्यापासून हाकेच्या अंतरावर होत्या. तू सगळ्या वऱ्हाडाला तोंडावर नावं ठेवणारा माणूस. मला वाटलं, आता जाशील आणि काहीतरी बोलशील. तू गाठींच्या मागं खाली बसलास. चक्क लपलास. तुझी एक कानपाळी लाल झाली होती. तेवढ्यात अकोल्याचा कोणीतरी ओळखीचा आला. "काय महादेवराव, अर्ध्यातूनच गेले तुमी! फार चुकवलं." आणि तू बसल्या जागेवरून, कपडे झटकत, काय उत्तर दिलंस? "अर्ध्यातच समजलं." धन्य आहे तुझी!

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत तू लाल कानावर हात धरून बसलास. मूर्तिजापूरला जे सुरू केलंस ते बडनेरा आलं, अमरावती आली, तुझं घर आलं, तरी संपलं नाही. ते तू जाईपर्यंत संपलं नव्हतं.

आपल्या भांडणाचे शब्द मला पाठ आहेत. चहाच्या दुकानात, मळ्यात, तुझ्या ओट्यावर, लोकांच्या लग्नात, हेच. तू म्हणायचास, "तू काहून उठला?" मी म्हणायचो, "म्या उठलो त उठलो. तू काहून उठला? बसून राह्यचं होतं." मग तू ते म्हणायचास, जे मी कधी खरं मानलं नाही.

"म्या बसून राह्यलो असतो, त सारं अकोला तुह्यावर हासलं असतं. महादेवरावचा माणूस येडा आहे म्हटलं असतं. तुही इज्जत राखाले उठलो."

"माही इज्जत? सारंगीवाल्याच्या गळ्यात हार घातला तवाच गेली ते. तू आपली टोपी वाचवाले उठला."

यावर तू शिवी द्यायचास आणि चहा सांगायचास. महादेवा, इतकी वर्षं मी तुला खोटं पाडलं. आणि परवा मास्तर तुझी नादब्रह्माची गोष्ट लांबवत होते तेव्हा मला सहज वाटून गेलं, समजा हा खरंच बोलत होता तर? ज्या माणसानं एक चांगलं गाणं ऐकायला अर्धं आयुष्य नाक मुरडत काढलं, त्याला ते सापडलं, आणि एका फुलवाल्याची फजिती होऊ नये म्हणून तो त्यातून उठून आला. असं तू केलं असशील, तर मी तुला एकदा तरी बरं बोलायला हवं होतं. आणि केलं नसशील, तर तू फारच खोटारडा होतास. दोन्हीपैकी काय ते सांगायच्या आधी निघून जाणं तुझ्या स्वभावाला धरूनच झालं.

बऱ्हाणपूरच्या बाई त्यानंतर पुष्कळ वर्षं वऱ्हाडात आल्या नाहीत. तू धरून चाललास की आपण उठलो म्हणून. "अमरावतीनं अपमान केला असं वाटलं असन तिले," म्हणायचास, आणि माझ्याकडे असं बघायचास की अमरावती म्हणजे मी. गेल्या साली त्या अमरावतीला येणार असं कळलं तेव्हा तू लहान पोरासारखा झालास. मळ्यात येऊन हाराची फुलं स्वतः निवडलीस. कळ्या ओढून बघत होतास, जसा काही त्यांचाही धागा निघणार होता. "या खेपी तू हात गुडघ्यावर ठेवून बसायचं. हालला त खांबाले बांधीन."

आणि बैठकीला तू कसा आलास? बोडखा. डोक्यावर टोपी नाही! हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आपल्याकडे तुझ्या वयाचा माणूस बोडख्या डोक्यानं चारचौघांत आला की लोक एकच प्रश्न विचारतात. वकीलसाहेब धावत आले, "महादेवराव, कोणाचं काय झालं?" तू म्हणालास, "अजून नाई झालं. बसा." टोपीच नाही म्हणजे हात लावायची भानगड नाही, मी उठायची भानगड नाही. इतका सरळ उपाय सुचायला तुला एवढी वर्षं लागली.

पण बाई थकल्या होत्या रे. पांढऱ्या झाल्या होत्या. श्वास पुरत नव्हता, वरचा सूर लागत नव्हता, एकदा तर शब्दच विसरल्या. तुझ्या भाषेत सांगायचं तर नुसती कवडी, किडका डागी कापूस. दुसरं कोणी असं गायलं असतं तर तू तंबोरे लागायच्या आतच घरी पोचला असतास. परवा हॉलमध्ये होती ती सगळी मंडळी तेव्हाही होती, आणि बिनटोपीच्या तुझ्याकडे बघत होती, आता काय करायचं असतं म्हणून. तू हललाही नाहीस. आणि एका अगदी साध्या, अर्धवट लागलेल्या सुराला तू मोठ्यानं म्हणालास, "वा!"

अमरावतीनं तुझ्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. लगेच वकीलसाहेब म्हणाले वा, मास्तर म्हणाले वा, सगळा हॉल वा वा करायला लागला. मेंढरं साली. मी तुझ्या कानात म्हणालो, "खोटं बोलून राह्यला तू." तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "हे आजचं नाई. अकोल्याचं राह्यलं होतं."

शेवटी मी हार घातला. बरोबर माणसाच्या गळ्यात घातला, याची नोंद घ्यावी. तू पुढं झालास, हात जोडलेस, आणि तुझ्या त्या मोडक्या हिंदीत अकोल्याची माफी मागायला सुरुवात केलीस. आम्ही उठलो होतो, चूक झाली, हा माझा मित्र मूर्ख आहे, वगैरे. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अकोला? अरे भैया, वहाँ तो इतनी रुई उड़ रही थी, हमने आँख ही नहीं खोली. कौन बैठा, कौन गया, हमें क्या मालूम?" आणि माझ्या हारातली एक कळी तोडून तुझ्या हातात दिली.

तू हॉलच्या पायरीवर येऊन बसलास. कळी मुठीत. मी म्हणालो, "चला, बरं झालं. तिनं पाह्यलंच नाई."

"काय बरं झालं बे? सारं वऱ्हाड दचकलं, आन तिले दिसलंच नाई!"

एवढा अपमान तुझा कोणी केला नव्हता. मी हसत सुटलो. तूही हसलास, पण उशिरा. मग म्हणालास, "किसन, म्हणजे आपून परत अंदर जाऊन बसलो असतो, तरी तिले समजलं नसतं." मी रिकामी टोपली काखेत मारली.  यंदा कपाशीची बोंडं फुटायच्या आधी तू गेलास.

तेरवी झाल्यावर मी वहिनींकडे बसलो होतो. त्यांनी पेटीतून तुझी काळी टोपी काढली, फोटोतली, म्हणाल्या, "घेऊन जा तुमी. तुमच्या मैतरीची आठवण." मी टोपी हातात घेतली आणि मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, अकोल्याले हेच होती काय?"

"हेच त. त्याच बैठकीसाठी नवी घेतली होती. लहान झाली. कानाले रुतत होती त्यायच्या. घरी आले तवाही हात तिकडंच."

"मंग त्यायनं हात काढाले नेला होता, का उठाले?"

वहिनींनी माझ्याकडे नीट बघितलं, जसं लोक वेड लागलेल्या माणसाकडे बघतात.

"खाजवाले," त्या म्हणाल्या.

महादेवा, हे मी मानत नाही. आपल्या दोघांचं भांडण इतक्या स्वस्तात मिटवायला मी तयार नाही. ती टोपी माझ्या डोक्याला सैल होते हे मात्र खरं.

तर आता परवाचं, जे राहिलं म्हणून हा सगळा प्रपंच. भाषणं संपली. वकीलसाहेबांनी जाहीर केलं की आता त्यांची कन्या सतारीवर स्वरांजली वाहील, आणि त्यानंतर महादेवरावांचे जिवलग किसनभाऊ दोन शब्द बोलतील. त्या दोन शब्दांसाठी मी घरून तेच एक वाक्य पाठ करून आलो होतो. मुलगी बसली. सतार सुरू झाली. तुझी ती खाटेची नवार अजून सैल झाली नव्हती. मी तुझ्या फोटोकडे बघितलं, आणि मला वाटलं, या गर्दीत तुझं खरं कोणी काही केलं नाही. भाषणं केली, हार घातले, माझ्याच मळ्यातले. तुला शोभेल अशी श्रद्धांजली एकच आहे, आणि ती देणारा मी एकटा आहे. अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी उठलो, आणि जोडे शोधायला लागलो.

सवय वाईट असते. माझ्या मागची रांग उठली. त्यामागची उठली. खुर्च्या करकरल्या. स्टेजवर स्वतः वकीलसाहेब, पोटच्या पोरीची सतार चाललेली असताना, अर्धवट उठून उभे राहिले. पोरीचा हात तारेवर थांबला. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि मी एका हातात एक जोडा घेऊन उभा होतो.

बायकांच्या रांगेत पुढंच सुभद्रावहिनी बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. आवाज चढवला नाही, पण तो मागच्या दारापर्यंत गेला. फोटोकडे बोट केलं आणि म्हणाल्या,

"किसनभाऊ, त्यायनं टोपीले हात लावला काय? नाई ना लावला? मंग बसा गुमान."